उडालं की पडलं?

४ मार्च

आज संचालकांनी बोलावून घेतलं. बसायला सांगितलं, चहा मागवला. चहा आला तेव्हाच ओळखलं की कुठेतरी कात्री लागणार आहे. हा माणूस चांगली बातमी दारात उभ्याउभ्या देतो.

जूनअखेर सौर मनोरा बंद. मनोऱ्याखालची अंधारी खोली ताऱ्यांच्या सर्वेक्षणासाठी हवी आहे, तिथे नवं यंत्र बसणार. माझे मदतनीस मिस्त्री, त्यांची बदली मोठ्या दुर्बिणीवर. माझी 'योग्य त्या विभागात सोय' होईल.

"मॅडम, सूर्याचं आता बहुतेक सगळं कळलंय," ते म्हणाले.

"तुम्हाला?" मी विचारलं.

चहा तसाच ठेवून मी उठले. उठायला नको होतं बहुतेक. पण उठले.

ही डायरी कुणीतरी भेट दिलेली, कोरी पडून होती. आजपासून लिहिणार आहे, कारण राग गिळला की मला छातीत जळजळतं आणि बोलून दाखवला की लोक म्हणतात, बाईंचं हल्ली जरा बिनसलंय.

संस्थेत सगळे रात्री जागतात, मी एकटी दिवसा काम करते. म्हणून मला 'दिवसपाळी' म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. ताऱ्यांच्या गटाचा प्रमुख कॉलेजात माझ्याच वर्गात होता, त्याला मी 'रातपाळी' म्हणते. फिट्टंफाट.

माझ्या कामाला हसायचं कारणही त्यांना मीच दिलंय. मनोऱ्यावरचा आरसा सूर्याचा माग काढत फिरतो, ऊन खाली अंधाऱ्या खोलीत पाडतो, आणि पांढऱ्या टेबलावर जेवणाच्या ताटाएवढा सूर्य उतरतो. त्यावरचे डाग, काळे दोरे, कुठे भडका उडाला तर तो, सगळं स्वच्छ दिसतं. आणि मी काय करते? त्या सगळ्या चित्राची बेरीज करून त्याचा एकच ठिपका बनवते. "डोळे मिटून सिनेमा बघणारी बाई," असं एकदा रातपाळीच्या गटातलं कुणीतरी म्हणालं होतं.

अरे, पण तुमचा तारा तुम्हाला ठिपकाच दिसतो ना? कितीही मोठी दुर्बीण लावा, ठिपकाच. त्यावर भडका उडाला की ठिपका उजळतो, त्याचा रंग जरासा सरकतो, बस. आत काय घडलं ते कसं कळणार? सूर्य हा एकमेव तारा आहे ज्याचा ठिपकाही बनवता येतो आणि ठिपका उघडून आत डोकावताही येतं. बाकी सगळी गणितं नुसती प्रश्नांची. उत्तर छापलेलं गणित आपल्याकडे हे एकच, आणि ते पान म्हणे जूनअखेर फाडायचं.

बंद होऊ देणार नाही. कसं ते माहीत नाही.

६ मार्च

घरी सांगितलं. घरी म्हणजे सासूबाईंना. दुसरं आहे कोण. त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अजून मला 'पाठ सरळ' म्हणतात. मी बोलत होते, त्या गॅलरीत बसून गुडघ्यांचा व्यायाम करत होत्या.

"बंद करणार म्हणजे काय करणार?"

"बंद करणार."

"आणि तू?"

"मी नाही करू देणार."

"हं," म्हणाल्या, आणि दुसरा गुडघा सुरू केला.

संध्याकाळी भावजींचा फोन. आईला आता आमच्याकडे पाठवा, वहिनी. लिफ्ट आहे, बाग आहे, नातवंडं आहेत. हे गेल्यापासून वर्षातून तीन-चारदा हे बोलणं होतं. सासूबाईंनी फोन घेतला, "मला इथे बरं आहे" म्हणाल्या आणि ठेवला. त्यांची खोली पुढची, सकाळचं ऊन येतं, त्या खोलीवर त्यांचा भारी जीव. माणूस एका खोलीसाठी पोटच्या मुलाकडे जात नाही, हे मला कधी समजलं नाही. पण असते एकेकाची आवड.

१९ मार्च

आज रातपाळीच्या गटाची मोठी सभा. त्यांनी एका लहानशा, लालसर ताऱ्यावर प्रचंड भडका पकडलाय. आपल्या सूर्यावरचा सगळ्यात मोठा भडका त्याच्यापुढे काडेपेटी. तापलेल्या हायड्रोजनचा एक ठराविक तांबडा रंग असतो. तो वायू आपल्याकडे झेपावला की रंग किंचित निळ्याकडे सरकतो, आपल्यापासून दूर गेला की लालकडे. त्यांच्या आलेखात निळ्या बाजूला ठळक टेंगूळ.

निष्कर्ष: ताऱ्याने ढीगभर वायू अवकाशात भिरकावून दिला. त्या ताऱ्याभोवती एक ग्रह फिरतो. असे तडाखे बसत राहिले तर त्याची हवा कधीच उडून गेली असणार. तिथे जीव असेल ही आशा सोडा.

टाळ्या. संचालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या महिन्यात जाहीर कार्यक्रम, पत्रकार, पाहुणे.

मी हात वर केला. "पुढे काय झालं?"

"कशाच्या पुढे?" रातपाळी म्हणाला.

"टेंगळाच्या. आलेख तिथेच संपतो. पुढचं कुठे आहे?"

"पुढे तारा क्षितिजाकडे गेला होता. नोंदीत हवेच्या थरथरीचा गोंगाट फार. वगळलीय."

"गोंगाट आहे ते बघून ठरवू द्या ना."

"मॅडम," संचालक म्हणाले, "आजचा दिवस आनंदाचा आहे."

रातपाळी चष्मा पुसत बसला. तसा तो कॉलेजातही कोंडीत सापडला की चष्मा पुसायचा. म्हणजे तेव्हाच ओळखायला हवं होतं की पुढचं तो कधीच देणार नाही.

२१ मार्च

मजाच झाली. संस्थेच्या सामायिक फोल्डरमध्ये आज एक फाइल सापडली. नाव: 'पुढचं'. त्यात त्या ताऱ्याची वगळलेली सगळी नोंद. त्यांच्या गटातल्या कुणाच्या तरी हातून चुकून तिथे पडली असणार. अशा निष्काळजी लोकांच्या हाती मोठी दुर्बीण आहे. असो, माझा फायदा.

२ एप्रिल

पडलं! सगळं परत पडलं!

नीट लिहिते. सूर्यावर थंड वायूचे लांबलचक काळे दोरे तरंगत असतात, चुंबकी बळाने टांगलेले. भडक्याच्या वेळी असा दोरा तुटून वर उसळतो. कधी सुटून निघून जातो, कधी झेप पुरत नाही आणि वाकून परत खाली येतो. माझ्याकडच्या जुन्या भडक्यांमध्ये असा एक परत पडलेला दोरा सापडला. त्याचा ठिपका बनवला. आधी निळं टेंगूळ, हुबेहूब त्या ताऱ्यासारखं. आणि मग, वायू खाली येताना, लाल बाजूला अगदी फिकट उंचवटा.

'पुढचं' उघडलं. गोंगाट आहे, खोटं कशाला बोलू. पण गोंगाटाखाली तोच फिकट लाल उंचवटा.

म्हणजे ताऱ्याने काहीही भिरकावलं नाही. उसळलं आणि पडलं. त्या ग्रहाची हवा शाबूत असेल!

मिस्त्रींना हाक मारून दाखवलं. ते आरशावरची कबुतरांची घाण पुसून नुकतेच उतरले होते. "चांगलं की वाईट?" त्यांनी विचारलं. "ग्रहासाठी चांगलं, साहेबांसाठी वाईट," म्हटलं. "मग सांभाळून," म्हणाले.

सांभाळून कशाला? सगळ्यांना टिपण पाठवून दिलं.

५ एप्रिल

संचालकांकडे पुन्हा. या वेळी चहा नाही.

"कार्यक्रमाची निमंत्रणं गेली आहेत."

"मग कार्यक्रमात दोन्ही बाजू सांगू."

"दोन बाजू नाहीत. एक शोध आहे आणि एक तुमची नाराजी आहे."

मी म्हटलं, नाराजी आहेच, पण आलेख नाराज नाही. ते म्हणाले, तुमची सोय ग्रंथालयात करायचा विचार आहे, शांत जागा आहे. मी म्हटलं, मला शांतता मानवत नाही.

बाहेर जिन्यात रातपाळी भेटला. आजूबाजूला बघून म्हणाला, "तोंडी भांडू नकोस. लिहून काढ आणि छाप. छापलेलं कुणाला पुसता येत नाही."

बघा आव्हान देण्याची पद्धत! हिंमत असेल तर छापून दाखव म्हणे. छापेनच. पण त्याआधी कार्यक्रमातही बोलणार.

११ एप्रिल

सासूबाई आज मनोऱ्यावर आल्या. न सांगता. बस बदलून, टेकडी चढून, हातात माझा विसरलेला डबा. मी डबा विसरले नव्हते खरं तर, मुद्दाम नेला नव्हता. जेवण उतरत नाहीये सध्या. तेवढ्यासाठी एवढी यातायात! मी जरा चिडलेच.

त्यांना टेबलावरचा सूर्य दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, "हा आला होता का कधी इथे?" हा म्हणजे त्यांचा मुलगा. म्हटलं, यायचे कधीकधी सुट्टीला. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पेपर वाचायचे, अंधारात कसे वाचायचे कोण जाणे. सासूबाई जाऊन त्या स्टुलावर बसल्या. मग मला जेवायला लावलं.

मी कार्यक्रमात काय बोलणार ते त्यांना म्हणून दाखवलं.

"गळ्यातून ओरडतेयस," म्हणाल्या. "गळ्यातून ओरडलं की चिरकतं. पोटातून बोल. पाय फाकवून उभी राहा, म्हणजे कुणी ढकललं तरी हलायची नाहीस."

मनोऱ्याखालच्या अंधारात एक म्हातारी बाई पाय फाकवून उभी राहून मला उभं राहायला शिकवत होती. मिस्त्री दारातून बघून परत गेले.

१८ एप्रिल

बोलले. पोटातून.

सभागृह भरलेलं. रातपाळीने शोध मांडला, नेहमीसारखा सरळ, थोडा घाईघाईत. प्रश्नांची वेळ आली तशी मी उभी राहिले. संचालकांनी माइक दुसरीकडे वळवला. मला माइक लागला नाही.

म्हटलं, "मी इथेच काम करते. सूर्यावर मी हेच टेंगूळ पाहिलंय, आणि सूर्यावर ते उघडूनही पाहिलंय. तो वायू परत खाली पडला होता. तुमच्या ताऱ्यावरही पडला. पुढची नोंद तुमच्याकडेच आहे. तारा निर्दोष आहे!"

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं, तोंडातून गेलं. पत्रकारांनी तेच उचललं. उद्या छापून येईल. रातपाळीला कुणीतरी विचारलं, हे खरं का? तो म्हणाला, "तपासायला हवं. त्या तपासल्याशिवाय बोलत नाहीत." टोमणा मारला. मारू दे.

घरी येताना रस्त्यात मोठ्याने गाणं म्हणत होते. एका माणसाने वळून पाहिलं.

१९ एप्रिल

'तारा निर्दोष आहे.' चक्क फोटोसह. भावजींचा फोन, "वहिनी, तुम्ही तर वकील झालात!" ग्रंथालयात बदलीचं पत्रही आलं, एक जुलैपासून. टेबलावर उलटं ठेवून दिलं.

९ मे

आज सूर्यावर मोठा भडका उडाला. सकाळची हवा स्थिर, आरसा लख्ख, मी जागेवर. डाव्या कडेजवळच्या डागांच्या घोळक्यात एक लांब दोरा दोन दिवस थरथरत होता. डोळ्यांसमोर तुटला. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकही चित्र चुकलं नाही. मिस्त्री आणि मी लहान मुलांसारखे ओरडलो.

दुपारी ठिपका बनवला. निळं टेंगूळ, मग फिकट लाल उंचवटा. माझं म्हणणं पुन्हा सिद्ध! उद्या चित्रं उघडून बघते, म्हणजे शिक्कामोर्तब.

१० मे

चित्रं उघडली.

दोरा मधोमध फाटला होता. एक अर्धा वाकून परत आला. दुसरा निघून गेला. अंतराळातली एक दुर्बीण सूर्याची तबकडी झाकून आजूबाजूचं बघते, तिच्या चित्रांतही पाहिलं. मोठा थोरला ढग बाहेर चाललेला, मागे वळून न बघता.

आणि ठिपका? ठिपका अगदी तसाच, सगळं परत पडल्यासारखा. निघून जाणारा वायू पसरतो, विरळ होतो, त्या तांबड्या रंगात दिसेनासा होतो. पडणारा तेवढा दिसतो. लाल उंचवटा 'काहीतरी पडलं' एवढंच सांगतो. 'सगळं पडलं' असं सांगत नाही.

मी सगळ्या गावासमोर 'सगळं' म्हणाले होते.

बेरीज तीन वेळा पुन्हा केली. मग दार लावून स्टुलावर बसून राहिले.

११ मे

या भडक्याचा ठिपका जगात माझ्याशिवाय कुणी बनवलेला नाही. कुणी बनवणारही नाही, कारण असला उद्योग दुसरं कुणी करत नाही. हे मी दिवसभरात किती वेळा मनात म्हटलं ते लिहीत नाही.

आणि आत्ताच का? एक दोरा जून संपेपर्यंत थांबू शकला नसता?

१२ मे

भावजी आले, प्रत्यक्ष. गाडी घेऊन, आईला न्यायचंच म्हणून. मी त्या मनःस्थितीत नव्हते. सासूबाईंना म्हटलं, "जा ना आई. तिथे सगळं आहे. एका खोलीपायी कशाला अडून बसता?"

म्हणाल्या, "खोली तू घे. मी बाहेर कोचावर झोपते."

"अहो, मग जायला काय हरकत आहे?"

"नाही म्हटलं ना."

भावजी चहा घेऊन, मान हलवत एकटेच गेले. आता खोलीचाही हट्ट नाही आणि जायचंही नाही! हट्टाला निदान कारण तरी असावं.

ते गेल्यावर सासूबाईंनीच विषय काढला. "दोन दिवस तोंड का पाडलंयस?"

सांगितलं. दोरा, फाटणं, ठिपका. त्यांना किती कळलं माहीत नाही, पण शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तू हरलीस."

"हरले नाही. चुकले. तोही चुकला, मीही चुकले. खरं म्हणजे नुसत्या ठिपक्यावरून सांगताच येत नाही."

"मग तसं सांग."

"लोक हसतील. आणि मनोरा नक्की बंद होईल. तुमच्या पद्धतीने काही कळत नाही म्हणतील."

"शाळेत मी शर्यतीची पंच असायचे," म्हणाल्या. "एकदा आपल्याच शाळेच्या मुलीला बाद केलं, पाय रेषेबाहेर गेला म्हणून. मुख्याध्यापक बोलले नाहीत वर्षभर. मी काय मेले?"

"पण ती मुलगी?"

"ती रडली. मग पुढच्या वर्षी रेषेच्या आत धावली."

मला एकदम हसू आलं. फार दिवसांनी बरंच जेवले.

१६ मे

साप्ताहिक बैठकीत उभी राहिले. पाय फाकवून.

"अठरा एप्रिलला मी सांगितलं की सगळा वायू परत पडला. ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे की मला माहीत नव्हतं." दोन्ही ठिपके शेजारी शेजारी लावले. "यातला एक सगळा परत पडलेला आणि एक अर्धा निघून गेलेला. कुठला कुठला, सांगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग बाई, तारा आता दोषी का?" हशा. कान तापले, पण हलले नाही.

संचालक म्हणाले, "म्हणजे या पद्धतीतून उत्तर मिळत नाही. निर्णय योग्यच होता म्हणायचा."

"सर, या पद्धतीने दोन चुकीची उत्तरं दोन महिन्यांत पकडली. एक यांचं, एक माझं. मनोरा नसता तर दोन्ही पाठ्यपुस्तकात गेली असती. तुम्ही थर्मामीटर ताप दाखवतो म्हणून फोडताय."

"बैठक संपली," ते म्हणाले.

रातपाळी पूर्ण वेळ मान खाली घालून काहीतरी लिहीत होता. माझी फजिती टिपून ठेवत असेल. जाताना दारात थांबला. म्हणाला, "तू एका आठवड्यात बोललीस. मला धीर व्हायला महिने लागले असते." मी म्हटलं, "बरं." आणखी काय म्हणणार? त्याचा चष्मा पुन्हा हातात होता.

३ जून

दोन्ही भडक्यांवरचा लेख पाठवून दिला. रातपाळीने 'माझंही नाव घाल' म्हटलं, आणि 'आमचा आधीचा निष्कर्ष टिकत नाही' हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहून दिलं. मला वाटलं होतं भांडेल. त्याला आता त्या ताऱ्यात रस उरला नसावा.

२२ जून

मनोऱ्याचा ताबा देण्याचा कागद आला. खाली माझ्या सहीची जागा. सही करणार नाही. 'करणार नाही' असं लिहूनच परत पाठवला, म्हणजे पोचला नाही असं म्हणायला नको.

कागद परत आला. पुन्हा पाठवला. मध्ये नेआण करणारा शिपाई आता माझ्याकडे बघून हसतो.

मिस्त्रींचा आज मनोऱ्यावरचा शेवटचा दिवस. आरसा पुसायची पद्धत मला पुन्हा एकदा दाखवली, जणू मी कालच रुजू झालेय. जाताना आरशाकडे बघत म्हणाले, "येत जाईन अधूनमधून. सुट्टीच्या दिवशी कोण अडवतंय?"

३० जून

सकाळी टेकडी चढून आले तर मनोऱ्याच्या पायऱ्यांवर गर्दी. रातपाळीचा अख्खा गट! ही माणसं या वेळी साखरझोपेत असतात. डोळे तांबारलेले, कुणी भिंतीला टेकून डुलक्या देतंय, एकीने स्वेटर उलटा घातलेला. मध्ये रातपाळी, हातात कॉफीचा थर्मास.

"काय रे, आग लागली का?"

"सूर्य शिकायला आलोय," तो म्हणाला. "आमच्या ताऱ्याचं टेंगूळ वाचता येत नाही. तू शिकव."

"आजच?"

"आज सगळ्यांना वेळ आहे."

आजच नेमका यांना वेळ! ताब्याचा दिवस, संचालक यायचे, आणि खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पण शिकायला आलेल्याला परत कसं पाठवायचं? आत घेतलं. आरसा फिरवला, टेबलावर सूर्य उतरला, तेव्हा सगळ्यांची झोप उडाली. वर्षानुवर्षं ताऱ्यांवर काम करणारी माणसं, आणि एकानेही इतक्या जवळून तारा कधी पाहिला नव्हता. एक मुलगी त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली, उन्हाचं चित्र बोटावर चढत होतं.

मग माझा खेळ सुरू केला. जुन्या भडक्यांचे नुसते ठिपके पडद्यावर लावायचे. आधी उत्तर सांगायचं, हात वर करून: उडालं की पडलं? मग चित्र उघडायचं. पहिल्यात निम्मे चुकले. दुसऱ्यात जवळजवळ सगळे चुकले, कारण पहिल्यावरून शहाणे झाले होते. आरडाओरडा सुरू झाला. रातपाळी माझ्याशी कडाकडा भांडला, चष्मा न पुसता.

त्यात दार उघडलं. संचालक. हातात तो कागद, मागे कुलूप घेऊन शिपाई.

"हे काय चाललंय?"

"वर्ग," रातपाळी म्हणाला. "आमच्या सर्वेक्षणाला हे लागणार आहे, सर. नवं यंत्र आमच्या गटाच्या खोलीत बसवू, आम्ही दाटीवाटीने बसू. तसं मी लेखी दिलंय."

कधी दिलं? मला कुणी काही सांगत नाही.

संचालक माझ्याकडे वळले. "मॅडम, सही."

"नाही."

"मॅडम—"

"सर, सही करणार नाही. कुलूप लावायचं तर आम्हाला आत ठेवून लावा." आणि आवाज पोटातून आला, चिरकला नाही. "आणि आत आलाच आहात तर उत्तर द्या. सगळ्यांनी दिलंय. हा ठिपका बघा. उडालं की पडलं?"

संचालकांनी पडद्याकडे पाहिलं. नको म्हणत म्हणत पाहिलं. तो माणूस एकेकाळी स्वतः निरीक्षक होता, लोक विसरतात. तोही विसरला होता. एक पाऊल पुढे आले. मग आणखी एक. निळं टेंगूळ, मग लाल उंचवटा शोधू लागले. लाल उंचवटा नव्हता.

"उडालं," म्हणाले. "नक्की उडालं."

मी चित्र उघडलं. दोरा नव्हताच तिथे. भडक्याच्या पायथ्याचा वायूच तापून वर उसळला होता. ना उडालं, ना पडलं, तिसरंच काहीतरी.

सगळे एकदम हसले. संचालक हसले नाहीत. चित्राकडे बघत राहिले, मागे-पुढे करून दाखवायला सांगितलं, ते दाखवलं. शिपाई कुलूप घेऊन दारात अवघडून उभा होता, त्याला कुणीतरी स्टूल दिलं.

"आणखी एक लावा," संचालक म्हणाले.

१ जुलै

पत्र आलं. मनोरा बंद करण्याचा निर्णय 'पुढील आदेशापर्यंत स्थगित', ग्रंथालयातली बदली रद्द. मदतनीस मिळणार नाही, आरसा मीच पुसायचा. पुढील आदेश येईल तेव्हा पुन्हा नाही म्हणेन. आता सवय झालीय, आणि आवाजही जागेवर आलाय.

रातपाळीने एवढा आटापिटा का केला असेल? खोलीत दाटीवाटी करून घेतली, स्वतःचा शोध मागे घेतला. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चांगला मुलगा दिसतो." पन्नाशी ओलांडलेल्याला मुलगा म्हणतात!

जेवायला बसलो तेवढ्यात भावजींचा फोन. आता तरी ये म्हणत असावेत. सासूबाई म्हणाल्या, "नाही रे. माझं इथलं काम अजून व्हायचंय," आणि फोन ठेवला.

"कसलं काम, आई?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या ताटात आणखी वाढलं.

"जेव," म्हणाल्या.